दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

मास्टर म्हणजे शाळेतले मास्टर नव्हेत. शिलाईच्या दुकानात कापडावर खडूने रेघा मारून कात्री चालवतो त्यालाही मास्टर म्हणतात, त्यातले ते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे सदरे, पँटी नि कोट कापले, आणि इतक्या वर्षांत एकाची बाही दुसऱ्याच्या सदऱ्याला लागली असं एकदाही झालं नाही. कापलेल्या प्रत्येक तुकड्याला ते चिठ्ठी टाचत. कुणाचा, कुठला, डावा की उजवा. कारागीर थट्टा करत, की मास्टर जातील तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना चिठ्ठ्या लावाव्या लागतील, नाहीतर ते उठून विचारतील, डावा कुठला? मास्टर हसत आणि पुढची चिठ्ठी टाचत. नाकासमोर चालणारा माणूस. अशा माणसाला कुणी फसवत नाही, त्याची गरजच पडत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा तुरुंगात होता. दुकानांना माल पोचवायची गाडी चालवायचा. एका दुपारी दारू पिऊन गाडी घेऊन निघाला आणि आपल्याच इमारतीच्या कोपऱ्यावर, खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या अकरा वर्षांच्या मुलीला त्याने उडवलं. थांबला नाही. थांबून तिला दवाखान्यात नेलं असतं तर ती वाचली असती, असं डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं. त्या मुलीचा शाळेचा गणवेश मास्टरांनीच कापला होता. वाढतं अंग म्हणून शिलाईत दोन बोटं कापड जास्त सोडलं होतं, पुढच्या वर्षी उसवून मोठा करता यावा म्हणून.

पाच वर्षांची शिक्षा झाली. मास्टर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भेटीला जात. बायको एकदाही गेली नाही. तिने आरडाओरडा केला नाही, मुलाला शिव्या घातल्या नाहीत, त्याचं नाव घेणं फक्त बंद केलं. जेवायला दोनच ताटं घेताना सुरुवातीला तिचा हात अडखळे, मग तेही थांबलं. दुसरीकडे राहायला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा फिसकटलं. मग जिना तोच आणि खालच्या बाईही त्याच. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात समोरासमोर आल्या की त्या भिंतीला पाठ लावून कडेला सरत आणि मास्टरांच्या बायकोला वर जायला वाट देत. रोज, कधी दिवसातून दोनदा. माणसाने मान खाली घालून किती वर्षं जिना चढावा?

तुरुंगात एक सवलत होती. कैद्याला गाणी वाजवायचा छोटा प्लेअर ठेवता येई. त्यात रेडिओ नको, कॅमेरा नको, आवाज टिपायची सोय नको. तो घरून भरून आणायचा, वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला. दोनशे गाणी, घरचे पन्नास फोटो, आणि आत काय काय आहे त्याची सही केलेली यादी, दोन प्रतींत. एकदा दिला की वर्षभर त्यात बदल नाही; पुढच्या तारखेच्या आधीच्या भेटीत तो पुन्हा भरायला परत मिळे.

मास्टर त्या प्लेअरला डबी म्हणत. मुलाचा कॉम्प्युटर घरात पडून होता, पण मास्टरांनी त्याला कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. शेवटी मुलानेच काचेपलीकडून, फोनवर, त्यांना सगळं शिकवलं. तो सांगे आणि मास्टर मापाच्या वहीत उतरवून घेत. एका पानावर कुण्या गिऱ्हाइकाची छाती बेचाळीस, कंबर अडतीस, आणि समोरच्या पानावर: ‘वायर लावणे. टुंग आवाज येतो. घाबरू नये. डबीचं चित्र येतं. गाणी निवडणे, कॉपी म्हणणे, डबी उघडून आत पेस्ट म्हणणे. हिरवी पट्टी भरेपर्यंत वायरीला हात लावायचा नाही.’

पहिल्या वर्षी त्यांनी पट्टी भरायच्या आत वायर काढली आणि अर्धी गाणी मधेच तुटली. मुलाने ती तुटकी गाणी वर्षभर ऐकली. भेटीत हसून म्हणाला, “बाबा, आता पूर्ण गाणं कुठे ऐकलं तर मला चुकल्यासारखं वाटेल.” मास्टरांना मात्र ते इतकं लागलं, की पुढच्या वर्षापासून हिरवी पट्टी चालू असताना ते खुर्चीतून उठतसुद्धा नसत. गाणं डबीत गेलं की त्याचं नाव नीट लिहायचं, गाणारा कोण, बोल काय. फोटोंनाही नावं: ‘खिडकी, बाहेरून’, ‘बाबांची नवी कात्री’. डबी आणि यादी एका अक्षराने इकडची तिकडे नसे. तपासणीची बाई यादी मोजून शिक्का मारी. तीन वर्षांत तिने डबीचं बटणसुद्धा दाबून पाहिलं नव्हतं.

दर भेटीत मुलगा शेवटी एकच विचारी, “आई?” आणि मास्टर म्हणत, “बरी आहे.” तो पुढे विचारत नसे आणि मास्टरांना त्याबद्दल त्याचे उपकार वाटत.

डबी द्यायची चौथी तारीख आली तेव्हा सुटकेला पाच महिने उरले होते. सुटून तो येणार कुठे, हा प्रश्न घरात भिंतीसारखा उभा होता आणि दोघंही त्याला वळसा घालून वावरत होते. तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारी मास्टर डबी भरत बसले होते. बायको मागे येऊन उभी राहिली. तिथे ती चार वर्षांत कधी उभी राहिली नव्हती.

“त्यात बोलणं घालता येतं का?” तिने विचारलं.

मास्टरांच्या हातातला माउस थांबला. “कुणाचं?”

“माझं.”

“अगं, पत्र लिही की. मी नेऊन देतो.”

“पत्र आधी तिथला कुणीतरी परका वाचणार आणि मग माझा मुलगा. मला नाही चालायचं. घालता येतं की नाही तेवढं सांगा.”

माझा मुलगा, ती म्हणाली. मास्टरांना उठून नाचावंसं वाटलं, पण ते काही नाचणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मुलाचे माइकवाले हेडफोन शोधले, पुसले, लावले आणि कुठलं लाल बटण दाबायचं ते तिला दाखवलं.

“आता तुम्ही बाहेर जा,” ती म्हणाली. “आणि झाल्यावर ते डबीत घाला आणि इथून पुसून टाका. मला ते या घरात पुन्हा ऐकायचं नाही. तुम्हीही ऐकायचं नाही. शब्द द्या.”

मास्टरांनी शब्द दिला आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. खालच्या बाई पिशवी घेऊन वर येत होत्या, त्यांना पाहून पुन्हा खाली गेल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. बायकोचे डोळे कोरडे होते, पण केस ओले दिसत होते, तोंडावर पाणी मारल्यासारखे.

पडद्यावर नवी फाइल होती. लांबी दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. मास्टरांनी ती ऐकली नाही. दुसऱ्या कुणी ऐकली असती, आणि त्यात पाप मानलं नसतं. मास्टरांनी ती डबीत घातली, पट्टी भरू दिली, कॉम्प्युटरवरून पुसली, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली. मग फाइलला नाव दिलं आणि यादीत, एकशे नव्याण्णव गाण्यांखाली, सुवाच्य अक्षरात तेच लिहिलं: ‘आईचा आवाज’. थोडा वाकडा विचार करणाऱ्याने तिथे एखाद्या गाण्याचं नाव लिहिलं असतं. मास्टरांच्या डोक्यात ते आलंच नाही. जे आहे त्यावर तीच चिठ्ठी.

शनिवारी तपासणीच्या टेबलावर नेहमीचीच बाई होती. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ. तिचं बोट यादीवरून खाली खाली येत शेवटच्या ओळीवर थांबलं.

“हे काय, काका?”

“बायको बोललीय. मुलासाठी.”

बाईने पहिल्यांदाच डबीचं बटण दाबलं. डबीच्या इवल्या भोंग्यातून आवाज आला: “बाळा, मी बोलतेय. नीट ऐक...”

मास्टर टेबलावर पुढे वाकले. तो आवाज फार वर्षांपूर्वीचा होता, मुलाला ताप असताना कपाळावर हात ठेवून बोलायची तेव्हाचा. बाईने लगेच बंद केलं. दुसऱ्याचं खाजगी ऐकू नये एवढी ती सभ्य होती. मग तिने अंगठ्याने दोन बटणं दाबली आणि डबी शिक्क्यासाठी बाजूला ठेवली.

“निरोप चालत नाहीत, काका. फक्त गाणी आणि फोटो, नियमात लिहिलंय. खरं म्हणजे सगळीच डबी परत करायला हवी, पण मी तेवढंच काढून टाकलंय.”

“काढून म्हणजे?”

“पुसलंय. घरी कॉम्प्युटरवर असेलच की.”

“नाही,” मास्टर म्हणाले.

बाईचा शिक्का हवेतच राहिला. तिने मास्टरांकडे पाहिलं, मग डबीकडे. “तुम्ही आधी सांगायचं ना,” ती म्हणाली. आणि काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून तिने शिक्का मारला.

पंधरा मिनिटांनी मास्टर काचेसमोर बसले होते. फोन कानाला होता, पण नजर खाली टेबलावर होती. मुलगा हडकला होता. “काय झालं? आई?” त्याने शेवटचा प्रश्न आधीच विचारला.

मास्टरांनी सगळं सांगितलं. रविवार, हेडफोन, तपासणीची बाई, दोन बटणं. मुलगा ऐकत गेला तसा काचेच्या जवळ येत गेला.

“आई बोलली? माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच.”

“काय बोलली?”

“बाळा म्हणाली. बाळा, मी बोलतेय, नीट ऐक.”

“आणि पुढे?”

पुढे काय, ते मास्टरांना ठाऊक नव्हतं. इथे ‘ठाऊक नाही’ म्हणायचं होतं. साठी उलटेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. पण पोरगं डोळ्यांत जीव आणून बघत होतं, आणि तो आवाज अजून कानात होता, इतक्या मायेने हाक मारणारी बाई आणखी काय म्हणणार? मास्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा न पाहिलेल्या तुकड्याला चिठ्ठी टाचली.

“म्हणाली, सुटलास की सरळ घरी ये.”

मुलाने फोन खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय ते काचेतून कळेना. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्याने काचेवर तळवा टेकवला. बसमध्ये मास्टर खिडकीशी बसून आले. जे पुसलं गेलं ते गेलं, पण काम झालं, असं ते स्वतःला सांगत होते, आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्यांना ते पटलंही.

घरी बायको शिवणाच्या मशीनपाशी उशीचा अभ्रा दुमडत बसली होती. “पोचलं का?” एवढंच तिने विचारलं.

तिच्याशी खोटं बोलायची मास्टरांना सवय नव्हती. त्यांनी सांगून टाकलं, तपासणीच्या बाईपासून घंटेपर्यंत, काही न लपवता. ती पुसण्यावर चिडली नाही, परक्या बाईने पाच शब्द ऐकले त्यावरही नाही. अभ्रा मांडीवर तसाच धरून तिने विचारलं, “तुम्ही त्याला काय म्हणालात? मी काय सांगितलं म्हणून?”

“सरळ घरी ये.”

तिने अभ्रा मशीनवर ठेवला.

“मी त्याला इथे येऊ नकोस म्हणाले होते,” ती म्हणाली. “सुटलास की दुसऱ्या गावी जा, म्हटलं. काम बघ, वेळेवर जेव, थंडीत छाती झाकत जा. बाबा येतील तुला भेटायला, कधी मीही येईन. पण या जिन्यात पाऊल टाकू नकोस, बाळा. खालच्या बाईंनी तुलाही भिंतीला पाठ लावून वाट दिलेली मला बघवणार नाही. असं म्हटलं.”

मास्टर दाराशीच उभे होते, पायातल्या चपला तशाच.

“सहा महिने मनात जुळवत होते,” ती म्हणाली. “तो तुटेल अशा कडूपणाने बोलायचं नव्हतं, आणि त्याला खोटी आशा लागेल असं गोडही बोलायचं नव्हतं. कसंबसं जमलं. पुन्हा नाही जमायचं मला.”

“मग आता...”

“आता तुम्ही सांगा. तुम्ही ये म्हणालात, तुम्हीच नको म्हणा.”

महिनाभर मास्टरांनी ते वाक्य कापड कापताना, जिना चढताना, आंघोळ करताना मनात म्हणून पाहिलं. आईचे शब्द वेगळे होते, बाळा. माझी चूक झाली. दुकानात त्यांनी एक बाही उलटी कापली. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, पण थट्टा कुणी केली नाही.

शेवटच्या शनिवारी ते काचेसमोर बसले. मुलगा आधीच येऊन बसला होता. त्याने केस कापून घेतले होते आणि अंगावर थोडं मांस धरलं होतं. मास्टरांनी फोन कानाला लावायच्या आत तो बोलायला लागला होता.

“बाबा, तारीख मिळाली. चार महिन्यांनी, चौदा तारखेला सकाळी सोडणार. तुम्ही न्यायला येऊ नका, मी माझा येईन. खालच्या मावशींच्या दारात आधी थांबेन, त्यांच्या पाया पडेन, मारलं तरी मार खाईन, आणि मगच वर येईन. आई दारात असेल ना?”

मास्टरांनी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.

“असेल,” ते म्हणाले.