हेमंतच्या टाकीचं पाणी बदलताना

मेधावहिनींचा फोन सकाळी साडेसातला आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी डबा भरत होतो. "भाऊजी, हेमंत उठतच नाहीये," एवढंच त्या बोलल्या आणि कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेतला. मी घोडबंदर रोडला, त्यांच्या चौदाव्या मजल्यावर पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेलेले. झोपेतच हृदय थांबलं होतं. त्याला हॉलमध्ये ठेवलं होतं, नातेवाईक भिंतीला टेकून बसलेले... आणि बरोबर अकराला टायमरवर त्याच्या प्रवाळांच्या काचेच्या टाकीचे निळे दिवे लागले. तो उजेड हेमंतच्या चेहऱ्यावर पडला. कुणीतरी दचकून "बंद करा ते" म्हणालं. वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बंद करू नका. रविवारी पाणी बदलायचंय, तुम्ही याल ना?" मी मान हलवली.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेमंत आणि मी वीस वर्षं एकाच टेबलावर प्रेशर गेज दुरुस्त केले. काटा केसभर चुकला तरी तो गेज पुन्हा उघडायचा. हीच सवय त्याने घरी नेली. चार फुटी काचेच्या टाकीत त्याने प्रवाळ जगवले होते. दगडी प्रवाळ पाळायला कायद्याने मनाई, म्हणून सगळे मऊ जातीचे. त्यांतच शर्टाच्या बटणाएवढ्या तोंडांचे, हिरवे-तपकिरी बटण-प्रवाळ. शनिवारी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ घालून ते ढवळत ठेवायचं, रविवारी क्षार आणि तापमान टाकीशी जुळलं की दहावा हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं भरायचं, फिल्टरची पिशवी धुवायची. पुष्कळदा मी मदतीला असायचो. घाई केली की म्हणायचा, "अरे, समुद्र मोठाय, त्याला चूक पचते. ह्या टाकीला नाही पचत."

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती चूक माझ्या हातून झाली. बटण-प्रवाळ वाढून बाकीच्यांवर चढायला लागलेले. हेमंतने ते चिकटलेला एक दगड काढून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ठेवला आणि तो पाण्याचा कॅन आणायला खाली गेला. मी टाकीची काच पुसून झाल्यावर आत गेलो. वाटलं, तेवढाच हातभार. गीझरचा नळ सोडला आणि ब्रशने दगड घासायला घेतला. वाफ तोंडावर येत होती, उग्र वास... वहिनी शेजारीच भाजी चिरत होत्या. हेमंत दारात आला आणि कॅन तिथेच टाकून ओरडला, "सोड तो! बाहेर व्हा दोघं, आत्ताच्या आत्ता!" आम्हाला ढकलून बाहेर काढलं आणि नाकाला टॉवेल बांधून तो स्वतः परत आत गेला. नळ बंद करायला, खिडक्या उघडायला, दगड झाकायला.

त्या प्रवाळांच्या अंगात विष असतं आणि ते वाफेबरोबर छातीत जाऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळपर्यंत जिभेवर लोखंडासारखी चव आली, मग हुडहुडी भरून ताप, छाती आवळलेली. हॉस्पिटलमध्ये सगळे साधा फ्लूच समजत होते. हेमंतने धापा टाकत विषाचं नाव कागदावर लिहून दिलं. ह्याला उतारा नाही, फक्त लक्ष ठेवायचं, हे कळल्यावर मला जी भीती वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. वहिनी आणि मी दुसऱ्या दिवशी घरी आलो. हेमंत पाच दिवस ऑक्सिजनवर होता.

तो बरा झाला, कामावर आला. "माझीच चूक. तुला सांगून जायला हवं होतं," म्हणाला आणि त्याने विषय संपवला. माझा संपला नाही. जिना चढताना तो थांबला की मीही थांबून त्याच्या छातीकडे बघायचो. तो गेल्यावर मी डॉक्टरांना गाठून विचारलं, त्या विषामुळे तर...? "दोन वर्षांनी? तसं वाटत नाही," ते म्हणाले. 'वाटत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, हेच मी घरी येईपर्यंत घोकत राहिलो.

रविवारी गेलो. हातमोजे, चष्मा, मास्क, सगळं चढवलं. जुनं पाणी काढलं, नवं भरलं, आणि टाकीतले प्रवाळ मिटून गेले. एकूण एक बटण घट्ट बंद. मारले मी, असंच वाटलं. क्षार पुन्हा तपासले, तापमान तपासलं. दोन्ही ठीक. तासभर आम्ही दोघं टाकीसमोर बसलो. मग काचेकडेच बघत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही घासायच्या आधी मी त्या दगडावर उकळतं पाणी ओतलं होतं. वास येत होता म्हणून. हेमंतला सांगितलं तर म्हणाला, चूक माझीच, तू मनाला लावून घेऊ नकोस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दोन वर्षं मी नुसता त्याचा श्वास ऐकतेय हो..."

"मलाही तेच म्हणालेला," मी म्हटलं. आम्ही पुन्हा काचेकडे वळलो. एका कोपऱ्यातलं एक बटण किंचित उघडलं, मग त्याच्या शेजारचं. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

भीती गेलेली नाही. दर रविवारी डोंबिवलीहून निघताना ती बरोबर असतेच. पाणी बदललं की हेमंत टाकीसमोरच्या स्टुलावर बसायचा, शेवटच्या प्रवाळाचं तोंड उघडेपर्यंत कुणी हाक मारली तरी उठायचा नाही. आता त्या स्टुलावर वहिनी बसतात, मी शेजारी फरशीवर. चहा गार होतो. आम्ही उठत नाही.