खाटेएवढा कोपरा

आमच्या वस्तीसमोरचा तुकडा पाटाच्या पाण्याने खारवला. उन्हाळ्यात तो पांढरा फुटतो, गवतसुद्धा धरत नाही. नाशिकला कॉलेजात शिकणारी माझी नात म्हणाली, त्या मातीत जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यांना मीठच लागतं.

"मिठात जीव जगले असते तर माझं लोणचं टिकलं असतं का?"

"आजी, हे वेगळे."

मग ती यंत्राचं सांगू लागली. जिवांच्या आत लिहिलेलं यंत्र वाचतं म्हणे, आणि मातीत कोण कोण आहे ते सांगतं. मी चौथीपर्यंत शिकले. जिवांच्या आत कोण लिहितं ते मला कळलं नाही.

ती तिच्या कॉलेजच्या बाईंना घेऊन माती न्यायला आली. पाहुणे येणार म्हणून मी पहाटेच झाडून शेणाचा सडा टाकला, अंगणापासून थेट त्या तुकड्यात. ऊन चढेस्तोवर तो वाळला. त्यांनी माती नेली.

बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला.

"आजी, तिथं गाय बांधता का?"

"नाय. का गं?"

"यंत्राला गाईच्या पोटातले जीव सापडलेत."

"सडा टाकला होता. तुझ्या बाई येणार, अन् दार तसंच ठेवू?"

नात मग म्हणाली, ती माती बाद. चांगली माती मिळाली नाही तर वर्ष फुकट जाईल.

इकडे पाटाला पाणी सुटलं होतं. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, खारं पाणी निघून जायला चर खणून ठेवले होते. तुकड्यात पाणी भरून मीठ धुवायचं आणि कांदा लावायचा, असा त्याचा बेत. मी म्हटलं, सडा पोचला नाही तो पलीकडचा कोपरा सोड, खाटेएवढा. भोवती बांध घाल.

"किड्यांना जागा राखू का, आई?"

"पोरीसाठी राख. किड्यांचं मला काय माहीत."

त्याने बांध घातला. नात आली, हातमोजे घातले, मला लांब उभं केलं आणि माती घेतली.

"पाण्याखाली गेले त्यांचं काय?" मी विचारलं.

"मीठ गेलं की बरेच मरतील."

"तुझा बाप मारतोय अन् तू वाचतेस. तुमच्यात बरोबर कोण?"

"दोघंही," ती म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "फोडू का बांध?"

"यंत्राचं कळू दे. तिला पुन्हा माती लागली तर?"

"तोवर पाट बंद होईल."

"होऊ दे."

कांदा लागला. कोपरा तसाच आहे. जाता-येता मी वाकून बघते. माती दिसते.