शेजारणीपेक्षा मोठा विमा

हिंगोलीत आमी भाड्यानं राहायचो तेव्हा समोरच्या दोन खोल्यांत एक मास्तरीण राहायची. तिचं सगळंच माझ्या आधी व्हायचं, गॅस काय न् फ्रिज काय. टीव्ही तेवढा दोघींनी एकाच दिवाळीत, एकाच दुकानातून घेतला होता. मग तिनं घरातल्या सामानाचा विमा उतरवला. "घर मालकाचं असलं तरी सामान आपलंच ना," असं ती नळावर सगळ्या बायांना सांगायची. माझा नुसता जळफळाट.

मी तिच्याच एजंटला बोलावलं. त्यानं टीव्हीची किंमत विचारली. मी म्हटलं, "समोरचीनं किती लिहिली? माझी दुप्पट लिहा."

"काहून, ताई? हप्ता वाढंल ना."

"वाढू द्या."

मग नळावर माझा मोठा हप्ता मी रोज मिरवला.

त्याच वर्षी गच्चीवरची टाकी फुटली. दोन्ही घरांत पाणी शिरलं, दोन्ही टीव्ही गेले. पाहणीला आलेल्या साहेबानं दोन्हींची सारखीच किंमत धरली. "कागदावर कितीही लिहा बाई, वस्तूची आज जी किंमत, तेवढीच भरपाई."

मास्तरीण खुशीत म्हणाली, "बरं झालं, दोघींना बराबर मिळालं."

माझा जास्तीचा हप्ता पाण्यात गेला, त्याचं एवढं नाही. तिचं नुकसान भरून निघालं, ते मला अजून सहन होत नाही.