मुरबाडच्या रिॲक्टरमधले डावे-उजवे

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तापमान, सामू आणि वेळ यांसाठी रकाने असतात. कोण काय बोललं यासाठी नसतो. त्यामुळे बोलणी माझ्याकडे सुटीच साठत गेली. त्यांतली ही काही, जशी घडली तशी.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची औषधांचा कच्चा माल बनवणारी कंपनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. काही औषधांचे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात: घटक तेच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. आमच्या औषधात डावा रेणू गुणकारी, उजवा निरुपयोगी. आणि तयार होताना दोघं निम्मे-निम्मे होतात. रिॲक्टरच्या टाकीत सोडलेलं एन्झाइम मात्र फक्त उजव्याला कापतं. कापलेला पाण्यात उतरतो, डावा अखंड उरतो. हे काम करणारा विभाग माझा.

मॅनेजरसाहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. ग्राहकाच्या तपासणीत माल शुद्ध निघाला तर विभाग राहील, नाहीतर बंद. माझी फार तर बदली झाली असती. माझी मदतनीस सुगंधा मात्र डोळखांबकडच्या पाड्यावरची, बारावी सायन्स, कंत्राटावर. विभाग टिकला तर ती कायम होणार होती. नाहीतर भातकापणी उरकली की घरच्यांबरोबर वीटभट्टीवर.

*

पहिल्या दिवशी मी सर्वांना प्रतिबिंबाची कल्पना समजावून दिली. पुस्तकात असतं तेच उदाहरण घेतलं. खोक्यातला एक हातमोजा काढला आणि म्हटलं, "हा उजव्या हाताचा. डाव्यात बसणार नाही. एन्झाइमचंही तसंच असतं."

भाऊकाका आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. त्यांनी मोजा माझ्या हातातून घेतला, आधी उजव्या हातात चढवला, मग काढून डाव्यात. दोन्हीकडे चपखल! पातळ रबराचा, कुठल्याही हाताला चालणारा मोजा तो.

"म्याडम," भाऊकाका गंभीरपणे म्हणाले, "तुमचा रेणू रबराचा नसंल!"

त्या दिवसापासून मी चपलेचं उदाहरण देते.

*

भाऊकाकांची उभी हयात ॲसिड आणि वाफ यांच्यात गेलेली. काम सावकाश चाललंय असं दिसलं की वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचा, हा त्यांचा शिरस्ता. एन्झाइमला चाळीस अंशांच्या पुढे न्यायचं नाही, असं मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. मी जेवून परतले तेव्हा रिॲक्टर सत्तरवर होता.

"काका, मारलंत ना एन्झाइम!"

त्यांनी घाबरून हात जोडले. "ते जिवंत होतं? आदी सांगायचं ना!"

"जिवंत नसतं ते. ते एक प्रथिन आहे."

"मंग मेलं कसं?"

माझ्याकडे या विषयातली डॉक्टरेट आहे. मी म्हटलं, "चला, नवी बॅच लावू."

*

मॅनेजरसाहेब वाणिज्य शाखेचे. निम्मा माल बाजूला काढतो, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. एकदा ते रिॲक्टरपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, या एन्झाइमला डावा-उजवा दोन्ही कापायला शिकवता नाही का येणार? काम दुप्पट!"

मी योग्य शब्द शोधत असतानाच भाऊकाका म्हणाले, "साहेब, त्यासाटी म्याडम कशाला? माजं ॲसिड हाय की!"

*

तपासणीचा दिवस. ग्राहक कंपनीचे तपासनीस सकाळीच आले. फ्रीजमध्ये शेवटच्या बॅचच्या दोन बाटल्या होत्या, सुगंधाच्या अक्षरात लेबल लावलेल्या: एकीवर 'डावा', दुसरीवर 'उजवा'. मी साहेबांच्या केबिनमध्ये पाहुण्यांना आलेख दाखवत होते, तेवढ्यात मॅनेजरसाहेबांनी प्रयोगशाळेत फोन लावला.

"सुगंधा, दोन्हीतला उजवा माल घेऊन ये. पटकन!"

मी काही बोलेपर्यंत त्यांनी फोन ठेवलाही होता.

सुगंधा दारात आली. हातात एकच बाटली. मॅनेजरसाहेबांनी लेबल वाचलं आणि ते भडकले.

"अगं, उजवा म्हणालो ना मी? पाहुण्यांसमोर डावा माल ठेवतात का?"

ज्यांच्या सहीवर तिचं कायम होणं अवलंबून होतं, ते हे साहेब. सुगंधाने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण ती स्वच्छ शब्दांत म्हणाली,

"साहेब, उजवा माल डावा हाय. आपला डावाच उजवा हाय!"

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा म्हणा बरं."

ती पुन्हा म्हणाली. ते मनसोक्त हसले आणि स्वतः बाटली घेऊन प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या यंत्राकडे गेले. यंत्राला अर्धा तास लागला. मग आलेखाचा कागद सरकत बाहेर आला: डाव्याचं एकच शिखर, उभं, सडसडीत. उजव्याच्या जागी सपाट रेघ.

त्यांनी सही केली, टोपण लावलं आणि मॅनेजरसाहेबांकडे वळले. "ही मुलगी तुमचा उजवा हात दिसते!"

मॅनेजरसाहेब एव्हाना शहाणे झाले होते. घाईघाईने म्हणाले, "छे, छे! उजवा नाही! आमचा कायमचा डावा हात आहे ती!"

सुगंधा झटकन तपासनीसांकडे वळली.

"ऐकलंत ना, साहेब? कायमचा म्हणाले!"