मागच्या चाकांतली हवा

हे मी वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. कन्हानच्या सरळ रस्त्यावर मी आणि माझा मित्र आपापल्या वडिलांच्या मोटारी पळवायचो. पाव मैल जो आधी कापेल तो जिंकला. एका शर्यतीआधी त्यानं विश्वासानं विचारलं, "मागं हवा किती ठेवू गा?"

"टाइट ठेव. अन् मागच्या कमानीत एक पाटा वाढव."

स्वतः मात्र मी हवा कमी करून कमानीच्या स्प्रिंगमधला एक पाटा काढला होता. गाडी मागून दबली की चाकं रस्ता धरतात. त्याची चाकं जागीच फिरली. हरल्यावर त्यानं दोष स्वतःच्या पायाला दिला, माझ्या सल्ल्याला नाही.

तेव्हापासून त्याची प्रत्येक गाडी तशीच कडक. परवा त्याच्या गाडीतून जाताना मागच्या सीटवर त्याची बायको कमरेला उशी लावून बसलेली पाहिली आणि मी सगळं कबूल केलं.

तो हसला. "वहिनीची बाजू घेऊन राहिला का?"

"मंग काढा नं तो पाटा!" ती मागून म्हणाली.

"थांब वं. हा मले फसवणारा माणूसच नाही."

पंपावर त्यानं आणखी हवा भरून घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवून हवावाल्याला सांगितलं, "ह्यानंच शिकवलं मले."