वाटंत कुनी भेटाय नगं

शिरवळच्या आमच्या कारखान्यात पंप सुरू केला की अर्धा तास नुसतं बसून राहायचं असतं. किस्से साठतात ते त्या अर्ध्या तासात, आणि निम्म्याहून जास्त बापूंचे. बापू माण तालुक्यातले, वीस वर्षं मशीनवर.

*

गाड्यांच्या दिव्यांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वाट्यांना आम्ही अ‍ॅल्युमिनियमची चकाकी चढवतो. लोखंडी टाकीतली हवा पंपानं ओढून काढायची, मग आत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करायची. सांगलीहून नवे इंजिनिअर पाटील साहेब आले, त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर समजावलं, "या खोलीत हवेचा कण केसाच्या जाडीचा हजारावा भाग गेला की दुसऱ्यावर आदळतो. टाकी रिकामी केली तर हातभर सरळ जातो."

बापू म्हणाले, "म्हंजे वाटंत कुनी भेटाय नगं. एवढंच न्हवं?"

साहेबांनी फळा पुसून टाकला.

*

एकदा एका वाटीवर पाच बोटांचे काळे ठसे उठले. तेलकट हात! साहेबांनी एकेकाचा पंजा लावून पाहिला, कुणाचाच बसेना.

"मालक ऱ्हायलं की," बापू म्हणाले. आदल्या दिवशी मालक पाहुण्यांना माल दाखवायला आले होते.

दुपारी मालकांच्या टेबलावर हातमोजे होते. ते कुणी ठेवले, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

*

टाकी रिकामी होत आली की पंपाची गुरगुर थांबून टकटक सुरू होते. बापू त्यावरूनच वेळ ओळखायचे. अलीकडे मात्र पंपावर तळहात ठेवायला लागले. आम्ही चेष्टा करायचो, "बापू पंपाला आशीर्वाद देतात."

मग कानांची तपासणी आली. भोंगा ऐकू येत नसेल त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवायचं, असा नियम.

"पॅकिंगला बसन्यापरीस गावाकडं शेरडं राखीन," बापू म्हणाले, आणि पास होऊन आले.

रांगेत मागे मी होतो. कानात आवाज आला की बोट वर करायचं, अशी तपासणी. काचेपलीकडची मुलगी बटण दाबताना मान हलवायची. बापूंचं बोट तेव्हाच वर जायचं. मला फार वाईट वाटलं, पण मी हे कुणाला सांगितलं नाही.

*

गेल्या आठवड्यात मीटरवर टाकी पूर्ण रिकामी दिसत होती. बापूंचा हात पंपावर. "थांबा. अजून वाटंत कुनीतरी हाय."

साहेबांनी तपासलं. मीटरची वायर ढिली निघाली.

साहेब बापूंच्या मागे उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बापू, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

बापूंनी वळून पाहिलं नाही.

साहेब फिरून त्यांच्या समोर आले. बापूंच्या हाताशेजारी स्वतःचा तळहात पंपावर टेकवला.

"शिकवा मला," म्हणाले.