ओपन पॉइंट

"मॅडम, तुमची कादंबरी वाचताना मला कसलीच काळजी वाटली नाही," पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "आणि तोच प्रॉब्लेम आहे."

मी रिटायर झाल्यावर चेन्नईत, वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर बसून आयुष्यातली पहिली कादंबरी लिहिली होती. या वयात हे काय खूळ, असं तोंडावर विचारणारे बरेच होते. पुस्तक छापून आलं नसतं तर माझं हसं झालं असतं.

"काळजी कशाला वाटायला हवी?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"अहो, दोघी बहिणींचं अंबत्तूरला वर्कशॉप. थोरली धाकटीला न विचारता मशीन विकून टाकते. केवढा भडका उडायला हवा! पण प्रकरण संपायच्या आत थोरली चूक कबूल करते, धाकटी माफ करते, दोघी कॉफी पितात. दर प्रकरणात हेच. मग मी पुढचं पान कशाला उलटू?"

मला असा राग आला म्हणता! तो मी नवऱ्यावर काढला. पण बाई म्हणत होत्या ते खरं होतं.

मी चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला होते. कस्टमरची तक्रार आली की तो 'ओपन पॉइंट'. बिघाडाचं मूळ शोधायचं, उपाय करायचा, कस्टमरचं समाधान झालं की पॉइंट 'क्लोज'. आमचे प्लांट हेड साताऱ्याचे. सकाळच्या मीटिंगला गुड मॉर्निंग वगैरे भानगड नाही. थेट, "ओपन काय आहे?" एखादा पॉइंट राहिला की मला घरी जेवण गोड लागत नसे. तीच खोड कादंबरीत उतरली होती.

मी सगळ्या माफ्या उचलल्या आणि पुढच्या प्रकरणात टाकल्या. बाई म्हणाल्या, "आता फक्त उशिरा क्लोज होतंय. आणखी एकदाच बघते हं मी."

मग मी दोघींना भांडूच दिलं. धाकटी चावी टेबलावर आपटून निघून गेली, आणि तिला परत आणायला माझा हात नुसता शिवशिवत होता. शेवटच्या प्रकरणात थोरली फोन हातात घेऊन बसते. लावते की नाही, ते लिहिलं नाही. फाइल पाठवली आणि दिवसभर चिडचिड केली.

नवरा तंजावरकडचा, मराठी सावकाश वाचतो. शेवटचं पान वाचून तो स्वयंपाकघरात आला. "अय्यो, मग? फोन केला का तिनं?"

"माहीत नाही."

"तूच लिहिलंस ना गं!" तो जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. तेव्हा मला जरा धीर आला.

बाईंनी पुस्तक घेतलं. छापून आल्यावर एक प्रत प्लांट हेडना पाठवली. त्यांचा फोन आला. हॅलोसुद्धा नाही.

"एक पॉइंट ओपन आहे. त्या बहिणी बोलल्या का?"

"नाही सर."

"क्लोज कधी करणार?"

"करणार नाही, सर."



"माझा धाकटा भाऊ साताऱ्यात असतो," ते म्हणाले. "घराच्या वाटणीपासून आमचं बोलणं नाही. बघतो आज लावून."

नोकरीत मी ओपन ठेवलेला पॉइंट दुसऱ्या कुणी आपणहून क्लोज करायला घेतलाय, असं एकदाही झालं नव्हतं.